मेहंदीचं बोट

महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, उठल्या की आठवडाभर आमच्याकडे बायकांच्या ऑपरेशनांची गर्दी होते. पित्ताशयातले खडे, गर्भपिशवी, हर्निया, सगळं 'महालक्ष्म्या होऊ द्या, मंग पाहू' म्हणून लांबवलेलं असतं. पोटात कळ आली की गोळी खायची आणि पुन्हा चुलीपुढे बसायचं. सोळा भाज्या, आंबील, पुरण, सगळं रांधून अर्धं गाव जेवू घालायचं. मग सण आटोपला की दुसऱ्या दिवशी बॅग भरून अमरावतीला हजर. आमच्या घरी महालक्ष्म्या बसत नाहीत. राजापेठेत शेजारी बसतात, तिथं मी दरवर्षी पोटभर जेवून येते आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जाऊन या बायकांवर चिडते. हे काही बरोबर नाही, पण आहे ते असं आहे.

मी एका हॉस्पिटलात रिकव्हरी रूमची सिस्टर आहे. ऑपरेशन थिएटर आणि वॉर्ड यांच्या मधली ही खोली. तीन खाटा, तीन मॉनिटर, एक टेबल आणि एक खुर्ची. पेशंट भुलीतून पुरता बाहेर येईपर्यंत इथं असतो. नातेवाइकांना ही खोली माहीतच नसते. ऑपरेशन झालं म्हणजे झालं, असं त्यांना वाटतं. माझ्या नवऱ्यालाही इतक्या वर्षांनंतर वाटतं की मी दिवसभर त्या खुर्चीवर बसून असते. बसलेली असते हे खरं, पण माणूस आपला श्वास आपण नीट घेतोय की नाही, हे बघायला बसलेली असते.

माझं नर्सिंग अकोल्याला झालं. तिथं शिकवायला एक सिस्टर होत्या, फार कडक. त्या मॉनिटरचं तोंड भिंतीकडे फिरवायच्या आणि विचारायच्या, "सांग आता, कशी आहे पेशंट?" मग आम्ही छाती पाहायचो, ओठ पाहायचो, नाकापुढे तळहात धरायचो. तेव्हा त्यांचा फार राग यायचा. पुढं मीही नव्या मुलींना तसंच करून दाखवायला लागले. मॉनिटर फिरवायचा आणि थोडा भाव खायचा.

तर मेहंदीचं सांगते. पेशंटच्या बोटाला आम्ही एक चिमटा लावतो. त्यातून लाल उजेड बोटातून जातो आणि रक्तात ऑक्सिजन किती आहे, त्याचा आकडा मॉनिटरवर दिसतो. पंच्याण्णवच्या वर असला की ठीक. नेलपॉलिश किंवा गडद मेहंदी असली की हा चिमटा कधी कधी फसतो आणि आकडा कमी दाखवतो. म्हणून ऑपरेशनच्या कागदावर लिहिलेलं असतं, मेहंदी लावू नये. पण महालक्ष्म्यांना मेहंदी न लावता कोण राहील? काही जणी तळहातावर नक्षी काढतात, काही जणी सरळ बोटांची टोकं बुडवल्यासारखी रंगवून घेतात. त्या आठवड्यात आमच्या तिन्ही खाटांवर लालकाळी बोटं असतात.

अशाच एका दिवशी सकाळी पहिल्या बाईचा आकडा अठ्ठ्याऐंशी आला. मी घाबरून भुलीच्या डॉक्टरांना बोलावलं. ते थिएटरमधून आले, चिमटा बोटावरून काढून कानाच्या पाळीला लावला, आकडा अठ्ठ्याण्णव. "सिस्टर, मेहंदी आहे ती," म्हणाले आणि गेले. तासाभरानं दुसऱ्या बाईचं तेच झालं. मी पुन्हा बोलावलं. या वेळी ते दारातूनच हसले. "सिस्टर, सतरा वर्षं झाली ना तुम्हाला इथं?" मागं थिएटरातली दोन-तीन माणसंही हसली.

ते गमतीनं बोलले होते, टोचून बोलायचा त्यांचा स्वभाव नाही. पण मला लागलं. मला पटकन लागतं, हे माझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आता काहीही झालं तरी यांना मेहंदीसाठी बोलवायचं नाही, हे मी मनात पक्कं केलं.

तिसरी बाई मूर्तिजापूरकडच्या गावातली होती, पस्तिशीची. दुर्बिणीतून पित्ताशय काढलं होतं. ऑपरेशनच्या आधी ती बाहेर बाकावर सासूशेजारी बसली होती तेव्हा हात पदराखाली लपवून होती, म्हणजे कागदावरचं तिला माहीत होतं. दहाही बोटं पेरापर्यंत रंगलेली, अगदी काळपट. रिकव्हरीत आली तेव्हा अर्धवट गुंगीत होती, हाक मारली तर डोळे उघडायची, पुन्हा मिटायची. मी मास्क लावला, चिमटा लावला. आकडा एक्याण्णव आला.

"मेहंदी," मी मावशींना म्हणाले. मावशी म्हणजे आमच्या आयाबाई. कोपऱ्यात बसून ड्रेसिंगसाठी कापडाच्या घड्या करत होत्या.

बाई घोरत होती. अलार्म वाजायला लागला, मी तो दाबला. आकडा सत्त्याऐंशी झाला. पुन्हा अलार्म, पुन्हा दाबला. कानाला चिमटा लावायचा विचार आला होता, हे मला नक्की आठवतं. पण शेजारच्या खाटेवरच्या बाईला उलटी झाली, मी तिची मान वळवायला गेले. तिथून वळून पाहिलं तर ब्याऐंशी. काय मेहंदी लावतात या बायका, असं मनात म्हटलं आणि फाइल लिहायला बसले. तेवढ्यात बाईचं घोरणं थांबलं. बरं झालं, शांत झोपली, असं मला वाटलं. हे मी जसंच्या तसं सांगते आहे.

मावशींचे हात थांबले होते.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "हे घोरून राहिली होती ना? आता आवाज कावून बंद झाला इचा?"

मी मान वर केली. बाईचं पोट वरखाली होत होतं, पण छाती फुगत नव्हती. ओठ जांभळे पडले होते. जीभ मागं पडली होती आणि श्वासाची वाट बंद झाली होती. अशा वेळी मास्कमध्ये कितीही ऑक्सिजन असला तरी तो बाहेरच राहतो.

पुढचं हातांनी आपोआप केलं. तिच्या डोक्याशी गेले, दोन्ही हातांनी जबडा पुढं ओढला, ऑक्सिजन पूर्ण सोडला, मावशींना ओरडून डॉक्टरांना बोलवायला सांगितलं. एक मोठा, घरघरणारा श्वास आत गेला. मग दुसरा. मॉनिटरवर बाहत्तर होते. मी जबडा तसाच धरून आकड्याकडे बघत राहिले. अठ्ठ्याहत्तर. पंच्याऐंशी. त्र्याण्णव. डॉक्टर धावत आले तोवर सत्त्याण्णव.

चिमटा अजून तिथंच होता. त्याच बोटावर, त्याच मेहंदीवर. मेहंदी फसवत असती तर सत्त्याण्णव आलाच नसता. मशीन पहिल्यापासून खरं सांगत होतं आणि मी ते दाबत होते.

डॉक्टरांनी तिला तपासलं, हाक मारली, मान उचलायला लावली. तिनं उचलली, हातही घट्ट दाबला. ठीक होती. "वेळेवर पाहिलंत," ते मला म्हणाले. मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा घड्या घेतल्या.

मग मी दोन गोष्टी केल्या आणि दोन्हींची आजही लाज वाटते. फाइलमध्ये लिहिलं, 'मेहंदीमुळे रीडिंग नीट मिळत नव्हते.' आणि बाहेर जाऊन तिच्या सासूवर ओरडले. कॉरिडॉरमध्ये, सगळ्यांसमोर. "कागद दिला होता ना तुमाले? मेहंदी लावू नका म्हणून सांगतलं होतं ना? कावून लावू देली? तुमच्या मेहंदीपायी जीव गेला असता तिचा!" म्हाताऱ्या बाईनं हातातली पिशवी छातीशी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले. कालच्या पेशंटना पाहायला जायची पद्धत आहे आमची. ही खाटेवर बसून चहा पीत होती. मला पाहून तिनं कप खाली ठेवला आणि हात पुढं केले.

बोटांची टोकं सोलली होती. नखांच्या कडेनं कातडी निघाली होती, दोन बोटांना रक्त सुकलेलं होतं. मेहंदी मात्र पुरती गेली नव्हती, फिकट नारिंगी होऊन तशीच चिकटून होती.

"पहाटी लिंबू लावलं जी," तिची सासू म्हणाली. "मंग डब्याची तारेची घासनी होती, त्यानं घासलं. निघतच नाई. आज पुन्हा मशीन लावसान तं पुन्हा तसं नको व्हायले."

"माफ करा, सिस्टर," ती म्हणाली. "माह्या मेहंदीनं तुमाले तरास झाला. सांगतलं मले सासूबाईनं."

पोटात टाके असलेली बाई न्हाणीघरात उभी राहून तारेच्या घासणीनं बोटं घासून घेते, आणि वर माफी मागते. "येते मी," असं काहीतरी बोलून मी बाहेर पडले. पळाले म्हटलं तरी चालेल.

जिन्यात थोडा वेळ उभी राहिले. न बोलता निभलं असतं. डॉक्टरांना माहीत नव्हतं, फाइल बंद झाली होती, पेशंट दोन दिवसांत घरी जाणार होती. मावशी कोणाला सांगणाऱ्यातल्या नाहीत. पण ती बाई आयुष्यभर गावात सांगत फिरली असती की माझ्या मेहंदीनं मी मरत होते. सासू तिला ऐकवत राहिली असती. आणि त्या दोघींना ते मी शिकवलं होतं.

मी इनचार्ज सिस्टरकडे गेले. काय झालं ते सांगितलं, अलार्म किती वेळा दाबला तेही. "आता कशाला उकरून काढता?" त्या म्हणाल्या. मग फाइल पुढं सरकवली. आदल्या दिवशीच्या ओळीवर खाडाखोड करायची नसते, म्हणून मी खाली नवीन नोंद केली, वेळ टाकली, सही केली. रीडिंग बरोबर होते, श्वासमार्ग बंद झाल्याचे माझ्या उशिरा लक्षात आले. तेवढंच. त्यांनी वाचून खाली सही केली आणि म्हणाल्या की लेखी खुलासा द्यावा लागेल. मी म्हटलं, देते. पुढं तो दिलाही, बोलणीही खाल्ली.

ड्युटी संपल्यावर मी मलमाची ट्यूब घेऊन वॉर्डात गेले. स्टूल ओढून तिच्या खाटेशी बसले. बोटांना मलम लावायला घेतलं, म्हणजे तिच्या तोंडाकडे पाहायला नको.

"तुमच्या मेहंदीनं काई नाई झालं," मी म्हटलं. "मशीन बरोबर सांगून राहिली होती. मलेच वाटलं का मेहंदी आहे म्हणून. तुमचा श्वास अडकला होता आन् मी पाह्यलं नाई. आमच्या मावशीनं पाह्यलं. चूक माही होती."

समोरच्या खाटेवरची बाईही ऐकत होती.

"किती वेळ?" तिनं विचारलं.

"नेमकं नाई सांगता येत. दोन-तीन मिनिटं असंन."

ती आपल्या बोटांकडे बघत राहिली. मला वाटलं आता ओरडेल, किंवा रडेल, आणि दोन्हीचा तिला हक्क होता. सासू आधी बोलली.

"मंग माह्यावर वरडल्या ते? एवढ्या लोकाइत?"

"तेही चुकलं माहं. घाबरली होती मी. तुमची माफी मागते."

म्हातारीनं तोंड फिरवलं. खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली, "रातभर झोप नाई मले. मीच लावून देली होती तिले मेहंदी. वाटलं, आपल्या हातानं मारलं सुनेले."

मी एकेक बोट धरून मलम लावत राहिले. दहावं बोट झालं तरी सुनेनं हात मागं घेतला नाही.

"म्हंजे पुढच्या महालक्ष्म्याले लावू मी?" तिनं विचारलं.

"लावा," मी म्हटलं. "दाही बोटाले लावा."