लोकल नको

“गाव कुठलं?”

मी खरं गाव सांगितलं. टेबलामागच्या साहेबानं पेनाचं टोपण लावलं.

“लोकल नको,” तो म्हणाला. माझ्याकडे बघून नाही, माझ्या मागच्या पोराकडे बघून. “नेक्स्ट.”

मी हललो नाही. मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक झाली. शिरूरला आयटीआय केलेला, फिटर, पहिल्या वर्गात पास. शर्ट नवीन. साहेबानं वॉचमनला नुसती मान हलवली. वॉचमननं माझ्या दंडाला धरलं आणि रांगेतून बाहेर काढलं. मेंढरू कळपातून काढतात तसं.

ज्या माळावर ते टेबल होतं तो माळ आमचा. आम्ही धनगर. माझ्या आजोबांनी तिथं मेंढरं चारली, पुढं आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिथंच बाजरी केली. कंपन्यांसाठी जमिनी घेतल्या तेव्हा घरटी एकाला नोकरी, असं चावडीवर सांगितलं होतं. माईकवरून सांगितलं होतं, म्हणजे बहिऱ्यालाही ऐकू गेलं असेल.

लोकल हा शब्द काही मला नवा नव्हता. शिरूरच्या बाजारात दुकानदार विचारायचा, लोकल देऊ का कंपनीचा? लोकल म्हणजे स्वस्तातला, लवकर मोडणारा. शाळेला जत्रेची सुट्टी मिळायची ती लोकल सुट्टी, तेवढा एक अर्थ गोड. दौंडच्या डॉक्टरनं आबांच्या पायातला काटा काढताना लोकल इंजेक्शन दिलं होतं. “तेवढाच भाग बधिर होईल,” म्हणाला. पण माणसाला लोकल म्हणतात आणि तो मोडक्या मालात जमा होतो, हे मला त्या टेबलापुढं कळलं.

आणि सगळ्याच माणसांना नाही हं. आमच्या गावचा पुढारी साहेबाच्या केबिनमध्ये पंख्याखाली बसलेला असायचा. कंपनीला पाण्याचे टँकर त्याचे, भंगार त्याचं, कंत्राटी कामगार पुरवायचे तेही त्यानंच. त्याचं घर गेटपासून हाकेच्या अंतरावर. म्हणजे तो आमच्यापेक्षा लोकल. पण साहेब त्याला लोकल लीडर म्हणायचा आणि चहा मागवायचा. जमीनवाला, सोसायटीवाला माणूस. त्याला तो शब्द शोभायचा. आम्हाला चिकटायचा.

त्या पुढाऱ्यानंच मला वाट दाखवली. आबा त्याच्या ओट्याखाली उभे, मी त्यांच्यामागं.

“पोराला घेतो माझ्या कंत्राटात,” तो म्हणाला. “पर गाव लांबचं सांगायचं. उदगीर, आमदपूर, कायबी. आन् हितं वळख दाखवायची न्हाई कुणाची. चालंल का आबा?”

“चालंल की,” आबा म्हणाले. मला कुणी विचारलं नाही.

मी उदगीरकडचा झालो. टेबलापाशी साहेबानं माझं तोंड बघितलंच नव्हतं, म्हणून त्यानं ओळखलं नाही. तिकडून आलेल्या पोरांच्या खोलीत राहायला गेलो, त्यांच्यासारखं बोलायला शिकलो. घर तिथून दिसायचं. आमच्या दारातली बाभूळ दिसायची. चुलता वारला, मी दहाव्याला गेलो नाही. आबांनीच निरोप धाडला होता, येऊ नको, कुणी बघंल. साहेब म्हणाला होता, हे वर्ष नीट काढ, कायम करतो. जमीन गेल्यावर आबांकडं मेंढरंच उरली होती, आमच्या घरात तेव्हा महिन्याला पगार आणणारं कुणीच नव्हतं, आणि ‘कायम’ या एका शब्दासाठी मी जिवंतपणी घरातून उठलो होतो.

साहेब पुण्याचा. वाईट माणूस म्हणावा तर तसाही नाही. मशीन बंद पडलं तर रागवायचा नाही. पण कॅन्टीनमध्ये बसला की एकच विषय. “लोकल माणसाला दहाव्याला सुट्टी हवी, जत्रेला हवी, पेरणीला हवी. आणि एकाला बोललं की दहा येतात.” मी समोरच्या बाकावर बसून घास गिळायचो. मेलेल्या चुलत्याचं तोंडही न बघितलेला मी.

मग तो दुष्काळी उन्हाळा आला. माळावर काडी राहिली नाही. आणि कंपनीच्या गेटाआत, ऑफिससमोर, हिरवंगार लॉन. रोज टँकरचं पाणी त्याला. ट्रक आत घ्यायला मोठं गेट उघडलं आणि ट्रकमागून मेंढरं घुसली. सगळा कळप. भुकेल्या जनावराला गेट कळत नाही, लॉन कळतं.

आरडाओरडा ऐकून आम्ही शेडबाहेर आलो. वॉचमन काठ्या घेऊन तुटून पडले होते. एका मेंढीचा पाय मोडून लोंबत होता. आणि मध्ये आबा. डोक्याचं मुंडासं सुटलेलं, हात जोडलेले.

“मारू नगा वो! मुकी जनावरं हायती. काढतो मी, काढतो.”

पण काढणार कशी? काठ्यांनी मेंढरं चौफेर फुटली होती आणि आबांच्या कोरड्या घशातून मेंढरांना बोलवायची हाक निघत नव्हती.

साहेब पायऱ्यांवर आला. त्यानं माझ्याकडे बोट केलं. मीच सगळ्यांत पुढं होतो.

“ए, काठी घे. त्या लोकल म्हाताऱ्याला आधी बाहेर काढ.”

कुणीतरी माझ्या हातात काठी दिली. मी चालत गेलो. खरं सांगतो, पाय चालत होते, मी नव्हतो. आबांनी मान वर केली. मला ओळखलं. पापणी हलली नाही त्यांची. ते माझ्यापुढं वाकले.

“सायेब,” माझा बाप मला म्हणाला. “तुमी मारू नगा. जातो मी.”

बाप पोराला तुम्ही म्हणतो. माझी नोकरी वाचवायला.

काठी मी टाकली. मग तोंडातून हाक गेली. ठरवून नाही. टाळूला जीभ लावून लांब ओढायची, शेवटी वर उचलायची अशी आमच्या घरची हाक. प्रत्येक धनगराच्या घरची हाक वेगळी, आणि मेंढरं आपल्याच घरची ओळखतात. दुसऱ्यानं घसा फोडला तरी ढिम्म हलत नाहीत. माझ्या हाकेला सगळ्या माना वर झाल्या. लॉन सोडून, वॉचमनांच्या पायांतून वाट काढत ती आली आणि माझ्याभोवती दाटीनं उभी राहिली. पाय मोडलेली सुद्धा ओढत आली.

सगळी कंपनी बघत होती.

“तू... तू लोकल आहेस?” साहेबानं विचारलं.

“व्हय,” मी म्हणालो. “आन् ह्यो माझा बाप हाय.”

माझा गेटपास तिथंच काढून घेतला. पुढारी केबिनच्या काचेआडून बघत होता, बाहेर आला नाही.

आबांनी जखमी मेंढी खांद्यावर घेतली. ओढ्यापाशी थांबले आणि माझ्यावर फाडकन ओरडले.

“समदं निभावलं व्हतं मी! तू कशाला तोंड उघाडलंस? लागली व्हती नोकरी, घालीवलीस.”

“आबा, तुम्ही मला सायेब म्हनला.”

“म्हनलो. त्यात काय? मी समद्यांलाच म्हनतो.”

आबा पुढं चालू लागले. मला तिथंच बसावं लागलं. इतके महिने मी साहेबावर जळत होतो. आबांना मात्र त्या वाकण्यात काही वावगं वाटत नव्हतं, आणि त्याची मला साहेबापेक्षा जास्त चीड आली. आबांची नाही. त्यांना ते शिकवणाऱ्या प्रत्येकाची. ओट्यावर बसणाऱ्यांची, माईकवर बोलणाऱ्यांची. मी रडलो, मोठ्यानं रडलो, आणि रडून मोकळं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी, चावडीवर कबूल केलेली घरटी नोकरी द्या म्हणून, मी गेटसमोर रस्त्यात जाऊन बसलो. एकटाच. दुपारपर्यंत जमिनी गेलेल्या घरांतली पोरं येऊन शेजारी बसली. पुढारी गाडीतून उतरला, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“तुझं मी बघतो. कायम करून देतो. बाकीच्यांना उठीव.”

मी खांद्यावरचा हात काढला.

नोकरी मिळाली नाही. आबा पुष्कळ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मेंढी गेली. पोलीस आले, दोनदा उचलून नेलं, मी पुन्हा येऊन बसलो. आता कुणी समजूत घालायला आलं तर मी एवढंच सांगतो. माझ्यापुढं माझा बाप वाकलाय. त्यानंतर मला भीती घालता येईल असं तुमच्याकडे काहीही उरलेलं नाही.