पडतं घ्यायची तयारी

लिफ्ट पडत नसते.

एकतीस वर्षांत मिस्त्रींनी हे वाक्य किती बंद दारांच्या फटीतून आत सोडलं असेल, सांगता येत नाही. "घाबरू नका. दोर तुटला तरी पिंजऱ्याखालचे जबडे रुळांना धरतात. लिफ्ट पडत नसते." पडायचा तो फक्त आतल्या माणसाचा जीव, भांड्यात. मग मिस्त्री शांतपणे पाना काढायचे.

अशा माणसाच्या हातात ताईने एका रविवारी सकाळी एक कागद ठेवला. 'बर्फावरची स्की-सहल : नवशिक्यांसाठी सूचना.' पहिलीच सूचना होती, पडायला शिका.

मिस्त्रींनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच होतं.

"ताई, हे पडायचं काय आहे?"

"पुढे वाच. सगळं पडण्यावरच आहे."

सहलीच्या तीन आठवडे आधी व्यायामशाळेच्या हॉलमध्ये सरावाचा दिवस होता. प्रत्येकाने पायांत स्की अडकवून तीनदा पडायचं आणि कुणाचा हात न धरता तीनदा उठायचं. ज्याला जमणार नाही, त्याला यंदा नेणार नव्हते. खाली वाटाड्याने पेनाने एक ओळ लिहिली होती. दोन मुक्कामांच्या मध्ये बर्फात उचलायला कुणी नसतं.

अर्ज जोडीने भरला होता. ताई एकसष्ट वर्षांची, मिस्त्री अठ्ठावन्नचे.

"तुला नाही जमलं तर मीही जाणार नाही," ताई चहा गाळता गाळता म्हणाली. "अनोळखी माणसांत पाच रात्री मी एकटी काढायची नाही. दोघं, नाहीतर कुणी नाही."

आवाज रोजचाच होता. म्हणूनच मिस्त्रींना तो जास्त लागला.

अकरा वर्षं ताईने एकही रात्र या घराबाहेर काढली नव्हती. वडिलांची डावी बाजू लुळी पडली, तेव्हा ती शिवणकारखान्यात होती. तिने मशीन घरी आणलं, खिडकीशी लावलं आणि तिथूनच दोन्ही कामं बघितली. मिस्त्री शहराच्या दुसऱ्या टोकाला, कंपनीने दिलेल्या खोलीत राहायचे. त्यांनी लग्न केलं नव्हतं. सोबतचे म्हणायचे, केलंय की, लिफ्टशी. दर रविवारी ते फळं घेऊन यायचे, वडिलांची दाढी करून द्यायचे, जेवायचे आणि जायचे. वडील गेल्या वर्षी गेले. रविवार तसाच राहिला.

स्कीचं खूळ आलं दवाखान्यातून. तिथल्या भिंतीवर एक चित्र होतं. बर्फाचं माळरान, मागे झाडं, आणि माळरानावरून लांब गेलेल्या दोन समांतर रेघा. माणूस नाही, प्राणी नाही. वडिलांना तपासायला नेलं की ताई त्या रेघांकडे बघत बसायची. रेल्वेचे रूळ असतील, असं तिला वाटे. वडील गेल्यावर ती राहिलेले कागद आणायला गेली, तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं. तिथली बाई म्हणाली, "रूळ नाहीत हो. स्की घालून कुणीतरी चालत गेलंय."

"चालत?" ताईने विचारलं. "डोंगरावरून घसरत नाही?"

"नाही. सपाटीवर. चालतच."

ताईच्या डोक्यात ते बसलं. एखादी गोष्ट तिच्या डोक्यात बसली की मग ब्रह्मदेवाचा बाप आला तरी हलत नसे.

इमारतीत बातमी फुटायला वेळ लागला नाही. तळमजल्यावर, ताईच्या घराच्या बरोबर खाली, एक निवृत्त मुख्याध्यापक राहायचे. ताई कठडा न धरता तिसऱ्या मजल्यापर्यंत चढ-उतार करत होती, तेव्हा त्यांनी दारातूनच विचारलं, "काय ताई, या वयात पाय घसरायची हौस?"

"काय करणार सर," ताई न थांबता म्हणाली. "तरुणपणी सवड मिळाली नाही."

सरांनी दार लावून घेतलं. आतून त्यांच्या बायकोचं हसणं बराच वेळ ऐकू येत होतं.

तयारी रीतसर सुरू झाली. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, सकाळी डाव्या, संध्याकाळी उजव्या. बागेत काठ्या घेऊन चालायचं. उजवा पाय पुढे तेव्हा डावा हात पुढे. हे माणूस जन्मभर करतो. मुद्दाम करायला गेला की विसरतो. मिस्त्रींचा उजवा हात आणि उजवा पाय बरोबरच निघायचे. बागेतला माळी पाण्याची नळी हातात धरून बघत राहायचा. एका वाफ्यात त्यामुळे तळं झालं.

कपड्यांचं ताईने बघितलं. सूचनेत लिहिलं होतं, एक जाड कपडा नको, पातळ थर घाला. तिने दोघांसाठी आतले लोकरी सदरे उसवून मापात आणले. बगलेखाली जास्तीची कळी घातली, हात पुढे टाकताना ओढ बसू नये म्हणून. मिस्त्रींच्या सदऱ्यावर तिने आतून लाल दोऱ्याने एक टाका घातला.

"हे कशाला?"

"उलटा घालशील म्हणून. लहानपणापासून घालतोस."

बूट भाड्याने देणाऱ्या दुकानात मिस्त्री खरे खुलले. दुकानदाराने स्की समोर ठेवली. लांब, अरुंद, माणसाच्या डोक्याच्या वर जाणारी. बुटाचा फक्त चवडा तिच्यात अडकायचा.

"टाच मोकळी?" मिस्त्रींनी विचारलं.

"मोकळीच. टाच उचलली नाही तर चालणार कसे, काका?"

मिस्त्रींनी चवडा अडकवायची कळ सात वेळा उघडली, सात वेळा लावली. स्प्रिंगला कान लावला. "काम बरं आहे," ते म्हणाले. आणि मग आपणहून म्हणाले, "आयुष्यभर वर-खाली केलं. आता जरा आडवं जाऊ."

दुकानदाराला काही कळलं नाही. ताई मात्र वळून त्यांच्याकडे बघत राहिली. तोवर तिला वाटत होतं, हा आपल्या भिडेखातर येतोय.

सगळं जमत होतं. पडणं तेवढं जमत नव्हतं.

ताईने बैठकीच्या खोलीत दोन गाद्या अंथरल्या होत्या. मिस्त्री गादीच्या कडेला उभे राहायचे. गुडघे वाकवायचे. तोल एका बाजूला टाकायचे. आणि ऐन वेळी हात सुटायचा आणि काहीतरी धरायचा. दाराची चौकट धरली. कपाटाचं हँडल धरलं. एकदा पडदा धरला, तेव्हा दांडीसकट पडदा पडला. मिस्त्री उभेच.

"पडदा पास झाला," ताई म्हणाली. "तू नापास."

"हात आपोआप जातो गं."

"बाबा तुला उगाच खुंटा म्हणायचे नाहीत."

पुढच्या रविवारी ते गादीवर अलगद टेकले आणि म्हणाले, "पडलो."

"हे बसणं झालं."

"पडून बसलो."

"बसून पडलास. पाटावर बसलेला नवरदेव दिसतोस. उठ."

मिस्त्री चिडले. "तुला काय जातं बोलायला? लिफ्टच्या शाफ्टमध्ये पडणारा माणूस दुसऱ्यांदा पडत नाही, ताई. एकतीस वर्षं मी न पडायचाच पगार घेतलाय."

"ही गादी आहे. शाफ्ट नाही."

"हाताला ते कळत नाही."

"हाताचं कशाला सांगतोस? पडतं घ्यायला तुला कधी जमलंय? वाद असो, पत्ते असोत. खुंटाच तो." ती पुन्हा मशीनवर जाऊन बसली. मशीन जरा जोरात चालू लागलं.

सरावाच्या दिवसाआधीचा रविवार आला. मिस्त्रींनी तेव्हा ठरवलं होतं की आज जेवण झाल्यावर सांगून टाकायचं, नाही जमत. वाक्यही तयार होतं. ते मोजे घालून स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या आणत होते. लोकरी मोजे, गुळगुळीत फरशी. हातात तांब्या, त्यामुळे धरायला हात नाही. पाय पुढे गेला आणि मिस्त्री आडवे झाले. अर्धे गादीवर, अर्धे फरशीवर. तांब्या घरंगळत कपाटाखाली गेला.

ताईची पाठ त्यांच्याकडे होती. ती शिवत होती. मशीन थांबलं नाही, फक्त हळू झालं. आणि मिस्त्रींनी कधी ऐकला नव्हता अशा एका सपाट, मऊ आवाजात ती बोलू लागली.

"हलायचं नाही. डोकं आपटलं? नाही ना. मग काही घाई नाही. आधी श्वास घ्यायचा. घेतला? आता गुडघे पोटाशी. बऱ्या बाजूला वळायचं. बरी बाजू खाली. कोपर टेका. आता चार पायांवर. थांबायचं तिथे, चक्कर येते का बघायचं. नाही? मग एक पाऊल पुढे, हात त्याच गुडघ्यावर, आणि वर. हळू. मी इथेच आहे."

मिस्त्री सांगितल्याप्रमाणे वळू लागले. मध्येच थांबले.

"ताई," ते म्हणाले. "माझ्या दोन्ही बाजू बऱ्या आहेत."

मशीन बंद झालं.

ताई वळली. खाली पडलेल्या भावाकडे तिने असं पाहिलं, की जणू तिथे दुसरंच कुणी असायला हवं होतं. फरशीवरचं पाणी हळूहळू गादीत शिरत होतं. दोघांपैकी कुणी फडकं आणायला उठलं नाही.

"किती वेळा पडले बाबा?"

"मोजत कोण बसतं."

"मला तर एकदाच सांगितलंस. कपाळाला लागलं होतं तेव्हा."

"ते दिसत होतं म्हणून सांगितलं."

"फोन करायचास."

"दोनदा केला." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. हवामान सांगावं तसं ती सांगत होती. "दोन्ही वेळा तू कामावर. फोन कानाला आणि तू दुसऱ्याच कुणाला सांगतोयस, घाबरू नका, लिफ्ट पडत नसते. मी म्हटलं, बरोबर आहे. तिथलं पडत नाही, ते तू बघ. इथलं पडतं. ते मी बघते."

"एवढा मोठा माणूस तू उचलायचीस कशी?"

"उचलत कुठे होते? हात पुढे केला की चिडायचे. तुझ्यासारखेच. तेही खुंटाच. मग मी हात मागे बांधून उभी राहायची आणि नुसती सांगायची. उठायचे ते. वेळ लागायचा. पण स्वतःचे स्वतः उठायचे. शेवटच्या महिन्यापर्यंत."

मिस्त्री तसेच चार पायांवर होते. अकरा वर्षं ते या खोलीत रविवारी दाढीचं सामान घेऊन यायचे. वडील खुर्चीत बसलेले असायचे, केस विंचरलेले, सदरा स्वच्छ. म्हातारा अजून पक्का आहे, असं ते कामावर अभिमानाने सांगायचे.

"चुकलं माझं," ते फरशीकडे बघत म्हणाले.

ताईने विचारलं, "पडतं घेतलंस?"

"घेतलं."

"मग उठ. भिजलास."

ते उठले. एक पाऊल पुढे, हात गुडघ्यावर, आणि वर. ओला सदरा पाठीला चिकटला होता. ते गादीच्या मधोमध जाऊन उभे राहिले, हात छातीशी घेतले आणि म्हणाले, "परत सांग. पहिल्यापासून."

आणि पडले. या वेळी हात कुठेही गेला नाही.

त्या दुपारी ते बऱ्याचदा पडले. ताई दर वेळी पहिल्यापासून सांगत होती, एकही शब्द न गाळता. खालून मुख्याध्यापकांनी काठीने छताला ठोकलं, तेव्हा दोघं थांबले.

सरावाच्या दिवशी हॉलमध्ये आठ जण होते. वाटाड्या चाळिशीचा, नाक उन्हाने भाजलेलं, डोळ्यांभोवती चष्म्याची पांढरी वर्तुळं. तो फार बोलत नव्हता. हातातल्या यादीवर खुणा करत होता.

मिस्त्रींचा नंबर दुसरा. रबरी गाद्यांवर लांब स्की घालून ते उभे राहिले, क्षणभर छताकडे पाहिलं आणि आडवे झाले. ताई पटकन पुढे सरकली. तिचे दोन्ही हात पुढे आले होते.

"मावशी, हात मागे," वाटाड्या म्हणाला.

"सवय हो," ताई म्हणाली आणि तिने हात मागे बांधले.

स्कींचा पसारा झाला होता. मिस्त्रींनी पाठीवर होऊन पाय वर घेतले, दोन्ही स्की शेजारी-शेजारी आणल्या, कुशीवर वळले. ओठ हलत होते. जवळ उभ्या असलेल्यांना वाटलं, माणूस जप करतोय. काही घाई नाही, आधी श्वास घ्यायचा. तीनदा पडले, तीनदा उठले. वाटाड्याने खूण केली.

मग ताईची पाळी आली. ती पहिल्यांदा पडली, उठली. दुसऱ्यांदा पडली, उठली. तिसऱ्यांदा पडली आणि पडूनच राहिली.

वाटाड्या वाकला. "मावशी, लागलं का?"

"नाही रे बाबा," ताई छताकडे बघत म्हणाली. "घाई आहे का?"

वाटाड्याने मिस्त्रींकडे पाहिलं.

"थांबा जरा," मिस्त्री म्हणाले. "उठेल ती. तिला माहीत आहे सगळं." बोलताना त्यांचे हात पुढे आले होते. त्यांनी ते मागे नेले आणि एकात एक घट्ट अडकवले.

ताई पडली होती. अंगाखाली मऊ गादी होती. कुणी तिला हाक मारत नव्हतं. छताला एक मोठा पंखा होता, तो बंद होता, आणि ती त्याची पाती बघत होती. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण हसूच्या जवळपासचं काहीतरी होतं. बाकीचे सहा जण आपापल्या काठ्या धरून उभे होते.

शेवटी तिने गुडघे पोटाशी घेतले. स्की खटकन एकमेकींना लागल्या.

"कुठल्या बाजूला वळू रे?"

"कुठल्याही," मिस्त्री म्हणाले. "दोन्ही बऱ्या आहेत."