आधीच लागलेला फ्लेक्स

संस्कृती शाळेत खेळ शिकवते. हिमाचलातल्या ज्या शिखरावरून तिचा भाऊ अजिंक्य परत आला नाही, तिथे जायला ती उद्या निघणार आहे. दोर तपासून झाले आहेत. कड्यावर वारा वाढला, की जिथे असू तिथून मागे फिरायचं, हेही ठरलं आहे. एकच काम राहिलं होतं, म्हणून ती सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या रफीकभाईंच्या फ्लेक्सच्या दुकानात आली.

अजिंक्य चढायच्या आधीच मित्रांनी चौकात त्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावला होता आणि पायथ्याच्या गावात असताना त्याला तो फोनवर पाठवलाही होता. वारा वाढला तेव्हा सोबतचे मागे फिरले. तो म्हणाला, "सोलापुरात फ्लेक्स लागलाय, आता असाच कसा जाऊ?" नंतर श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरही त्याचा तोच हसरा चेहरा होता. रफीकभाईंनी फक्त अक्षरं बदलली होती.

"माझा छापू नका," संस्कृती म्हणाली.

"मी न्हाई छापणार, ताई. पण पोरं ऐकतील व्हय? दुसरीकडनं आणतील की."

तिने आपला फोन काउंटरवर ठेवला.

"मग हा तुमच्याकडंच राहू द्या. आमच्या टीमकडं वायरलेस आहे. मला फ्लेक्स दिसायलाच नको."

"आणि आईंचा फोन आला तर? कुटवर गेली, म्हणून विचारतील."

"उचला," ती म्हणाली. "कधीही आला तरी सांगा, परत निघालीय."