भिकानानांच्या चाकावरची माणसं

कुंभाराच्या परसात खापऱ्यांचा ढीग कुणी मुद्दाम रचत नाही. रोज काहीतरी फुटतं, कुणीतरी ते मागच्या दाराने भिरकावतं आणि पाच-सहा वर्षांनी पाहावं तर भिंतीला टेकलेला डोंगर! आमच्या किश्श्यांचंही तसंच झालं. एकेक घडला तेव्हा कुणी जपून ठेवला नाही. आता चार माणसं जमली की हात घालावा तिथून एक निघतो.

लढाईच्या वर्षांत नगरच्या कुंभारगल्लीत आम्ही चौघं जमायचो. भिकानाना हे चाकाचे मालक. त्यांची बायको कौसाबाई. माती तुडवणं, मडकी भाजायचा आवा रचणं आणि नवऱ्याला गप्प करणं ही तीन खाती त्यांच्याकडे. हुसेनचाचांचं बाजारात कपबश्यांचं दुकान होतं, पण लढाईमुळे विलायती माल बंद झाला, फळ्या रिकाम्या झाल्या आणि चाचाही रिकामे झाले. चौथा मी, हायस्कुलातला ड्रॉइंगमास्तर.

मी तिथे कशासाठी जायचो तेही सांगून टाकतो. माझी पत्नी तीन दिवसांच्या तापाने गेली. तिचा एकही फोटो घरात नव्हता. काढू काढू म्हणत राहून गेला. पोरांना कमळं आणि पोपट शिकवून पोट भरणारा मी माणूस, पण कागद घेऊन बसलो की नाक जमे आणि हनुवटी निसटे. मग वाटलं, मातीत करून पाहावी. मातीतलं मला काहीच येत नव्हतं, म्हणून भिकानानांकडे गेलो.

*

भिकानानांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, गनपती करनारे येगळे. त्ये हातानं करत्यात. मला फकस्त चाक येतं."

"मग चाकावर करू," मी म्हणालो.

"मानूस? चाकावर?" त्यांनी चाक थांबवलं. "मडक्याला तळ असतो. दोरा लावला की तळातून सुटतं. बाईमानसाचा तळ कुठं हुडकायचा?"

यावर आम्ही आठवडाभर चर्चा केली. मी कागदावर आकृत्या काढल्या. हुसेनचाचांनी विलायती बाहुल्यांचे दाखले दिले. एका दुपारी कौसाबाई माती मळता मळता मान वर न करता म्हणाल्या, "रांजन करा अन् पालथा घाला. लुगडं झालं. वर घागर ठिवा, अंग झालं. तिच्यावर बोळकं. त्यात काय येवढं?"

भिकानानांनी चाकाला एक गिरकी दिली. मग म्हणाले, "मी ह्येच म्हननार हुतो."

*

सरावासाठी आधी दुसऱ्या कुणाचं तरी करून पाहावं असं ठरलं. आमच्या हेडमास्तरांना कुणकुण लागली. स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात आपला अर्धपुतळा असावा असं त्यांच्या मनात आलं. गृहस्थ अंगाने इतके किरकोळ की वाऱ्याच्या दिवशी कोट घालूनच बाहेर पडत.

चाकावर एक अडचण असते. चाकाला बारीक माणूस माहीतच नाही! जे उतरतं ते गोल, पोट सुटलेलं, गालफडं भरलेली. भिकानानांनी तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा सावकार उतरला. चौथ्यांदा आम्ही त्यालाच चष्मा लावला.

हेडमास्तरांनी पुतळ्याभोवती एक फेरी मारली. पोटापाशी थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, हा प्रदर्शनात नको. सध्या रेशनिंग आहे. हे पोट पाहून कुणी माझ्या घराची झडती घ्यायला यायचं!"

*

तो पुतळा मग हुसेनचाचांच्या दुकानात गेला. फळ्या रिकाम्या दिसू नयेत एवढ्यासाठीच.

आमच्याकडे बायका मातीचं भांडं वाजवून घेतल्याशिवाय घेत नाहीत. खणखणीत वाजलं तर धड, बद्द वाजलं तर आत तडा. एका बाजाराच्या दिवशी कुठल्याशा खेड्यातली एक आजी आली. भिकानानांनी तिथे विकायला ठेवलेले घडे संपले होते. तिने फळीवर पाहिलं, पुतळा खाली काढायला लावला आणि बोटाचं पेर वाकवून हेडमास्तरांच्या टाळूवर टकटक केलं. कान लावला. पुन्हा टकटक केलं.

"नगं बाबा. डोकं बद्द वाजतंय ह्येचं."

खुद्द हेडमास्तर त्याच वेळी मागे उभे होते, कपाची चौकशी करायला आलेले. आजीला ते दिसले नाहीत. हुसेनचाचांना दिसले. पण धंद्यातलं माणूस, मालाची नालस्ती कशी ऐकून घेणार?

"ऐसा नको बोलू, माई," चाचा घाईघाईने म्हणाले. "माल एकदम असल आहे. हुबेहूब आहे!"

पुढच्या आठवड्यात माझ्या टाइमटेबलात शनिवारचे दोन तास वाढले.

*

मग आम्ही खऱ्या कामाला लागलो. पहिली मूर्ती भिकानानांनी झोकात उतरवली. रांजण, घागर, बोळकं, सगळं एकावर एक सांधून कुठे चीर दिसू दिली नाही. सुकवली, आव्यात ठेवली, वर राख आणि गोवऱ्या रचल्या. आम्ही ओट्यावर चहा घेत बसलो होतो. तेवढ्यात आव्यातून असा आवाज आला की समोरच्या घरातली म्हैस दावं तोडून गेली!

ते दिवस बाँबच्या अफवांचे होते. नाक्यावरचा पोलीस धावत आला. धापा टाकत त्याने विचारलं, "काय फुटलं?"

भिकानाना खरं बोलणारा माणूस. म्हणाले, "मास्तरांची बायकू."

पोलिसाने माझ्याकडे पाहिलं. मी नमस्कार केला.

"कशानं?"

"आत हवा कोंडली," भिकानाना म्हणाले. "चूक आमचीच झाली साहेब. भोक ठिवायचं ऱ्हायलं."

पोलिसाने खिशातून वही काढली, पेन्सिलीला थुंकी लावली आणि तसाच उभा राहिला. काय लिहावं ते त्याला सुचेना. हुसेनचाचा तोंडाला उपरणं लावून भिंतीकडे वळले होते. त्यांचे खांदे हलताना मला दिसले आणि मग मलाही आवरेना. ती गेल्यानंतर सात महिन्यांनी मी पहिल्यांदा हसलो, तेही पोलिसासमोर.

*

तर भोक ठेवणं भाग होतं. पोकळ मूर्तीला श्वास लागतो. प्रश्न एवढाच की ठेवायचं कुठे?

हुसेनचाचा म्हणाले, "पाठीमागे. कोणाला दिसणार नाही."

भिकानाना म्हणाले, "तोंडाला ठिवा. बाईमानसाची सगळी वाफ तोंडातनंच भाईर पडती. आमच्याकडं बघतोच की मी रोज."

कौसाबाईंनी मातीचा गोळा आपटला. "अन् बाप्याची मूर्त केली तर भोक कुठं ठिवाल?"

"कुठं?"

"कानाला! दोनी कानांना. हिकडनं आत, तिकडनं भाईर!"

शेवटी भोक पाठीला ठेवलं. भिकानाना संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. कौसाबाई म्हणाल्या, "बघा, ऐकलं वाटतं."

*

दुसरी मूर्ती फुटली नाही, पण चेहरा जमला नव्हता. नाक-डोळे बोळक्याला चिकटवल्यासारखे दिसत होते, म्हणून भाजण्याआधी ते पुसूनच टाकले होते. ती चाचा दुकानात घेऊन गेले. एक दिवस कॅम्पातला एक गोरा सोल्जर सायकलवरून उतरला आणि त्याने ती उचलली. घरी आईला पाठवायची म्हणाला.

चाचांनी त्याच्या हातातून ती अलगद काढून घेतली. चाचांचं इंग्रजी मोजकं पण ठाम. "नो सेल. धिस मास्टर्स वाइफ."

गोऱ्याने माफी मागितली. मग मूर्तीच्या कोऱ्या चेहऱ्याकडे नीट पाहून त्याने विचारलं, हिला चेहरा का नाही?

"वाइफ नॉट रेडी," चाचा म्हणाले.

गोरा मोठ्याने हसला. म्हणाला, त्याचीही कधीच वेळेवर तयार होत नाही! आणि दांडी तुटलेला एक कप फळीवर उरला होता, तेवढा घेऊन गेला.

चाचांनी हे मला रंगवून सांगितलं आणि सांगता सांगता मध्येच थांबले. "मास्तरसाब, तुम्हाला बुरा तर नाही वाटला?"

मी म्हणालो, "नाही चाचा. तुम्ही बरोबर सांगितलंत. अजून तयार नाही."

*

तिसऱ्या मूर्तीचा चेहरा भिकानानांनी करायला घेतला. मी तोंडाने वर्णन करायचं आणि त्यांनी अंगठ्याने दाबायचं. कपाळ लहान. दाबलं. गाल जरा वर. उचलले. हनुवटीवर खळी. पाडली. तासाभराने आम्ही मागे सरून पाहिलं, तर हुबेहूब कौसाबाई!

मोडून परत केली. परत कौसाबाई. तिसऱ्यांदा भिकानानांनी डोळे मिटून केली. ती सगळ्यांत जास्त कौसाबाई झाली.

"मी काय करू मास्तर?" भिकानाना रडकुंडीला आले. "चाळीस वरसं ह्येच तोंड समोर हाय. अंगठ्याला दुसरं ठाऊकच न्हाई."

कौसाबाई दारात उभ्या होत्या. "म्हातारपनी काय ही थेरं!" असं म्हणून त्या आत गेल्या. पण त्या दिवशी चहाला गूळ दुप्पट होता, आणि ती मूर्ती मोडायला त्यांनी कुणालाही हात लावू दिला नाही.

*

आता शेवटची मूर्ती. ती आव्यातून धड बाहेर आली, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ऐकताना कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. आत्ताही ती माझ्या टेबलावर आहे. गोष्ट आवा लावायच्या आधीची आहे.

अंग आणि मान भिकानानांनी चाकावर उतरवली. चेहरा मी केला. सरळ समोर पाहणारा, लोक फोटोला बसतात तसा. झाला बरा, पण तिचा नव्हता. कुणातरी भल्या बाईचा होता. नाक तेच, हनुवटी तीच, आणि तरी ती नव्हती. यापुढे माझा हात चालेना. मी म्हणालो, राहू द्या, हीच भाजू.

मूर्ती एकदम वाळली तर तडकते. म्हणून ती ओलं फडकं घालून आतल्या खोलीत ठेवली. शाळा सुटली की मी रोज जाऊन त्या फडक्यावर पाणी शिंपडून यायचो. एवढंसं पाणी शिंपडायला इतका वेळ आत कुणाशी बोलता, असं कौसाबाईंनी एकदा विचारलंही होतं. फडकं उचलून पाहायचा धीर काही होत नसे. असे दहा-बारा दिवस गेले.

त्यात सोनईहून सासूबाई आल्या. बाजाराचं निमित्त होतं, पण पिशवी रिकामीच. ओट्यावर पाय ठेवत म्हणाल्या, "माझी पोर कुठं बसवलीय ती दाखवा."

आम्ही सगळे आत गेलो. भिकानानांनी फडकं काढून माझ्या हातात दिलं आणि मागे सरले.

"आयला!" त्यांच्या तोंडून निघालं.

मूर्तीची मान वळली होती. मी सरळ समोर पाहणारी केली होती, ती डाव्या खांद्यावरून मागे बघत होती. हनुवटी जराशी खाली.

"पीळ सोडला मातीनं," भिकानाना ओशाळून म्हणाले. "चाकावर फिरल्याली माती हाय. वाळताना कवा कवा उलटी फिरती. मानंत वल हाय अजून, आत्ता सरळ करतो." त्यांनी अंगठा पाण्यात बुडवला.

"हात लावू नका!" सासूबाई म्हणाल्या.

त्या मूर्तीसमोर खाली जमिनीवर बसल्या. पदर सावरला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जावईबापू, अशीच की हो! चुलीपुढं बसलेली असायची आन् हाक मारली की उठायची न्हाई, नुसती मान वळवायची. 'आले, आले' म्हणायची आन् तिथंच बसून ऱ्हायची. लई हाका माराव्या लागायच्या मेलीला!"

हुसेनचाचांनी एकदा मूर्तीकडे पाहिलं, एकदा बंद खिडकीकडे पाहिलं.

"पण अम्मा," ते म्हणाले, "इथे हिला हाक मारली कोणी?"

भिकानानांनी ओला अंगठा चटकन धोतराला पुसला. "म्या न्हाई बुवा!"

कौसाबाई माझ्याकडे बघत होत्या.

मी फडकं पिळत होतो.