कदमबाईंची यादवी

नेसरीच्या कदमबाई इतिहासाच्या तासाला पायताण वर्गाबाहेर काढायच्या. "मेलेल्या माणसांच्या घरात शिरतोय, चिखल कशाला न्यायचा," म्हणायच्या. गणिताला मात्र त्याच चपला करकर वाजवत आत यायच्या.

देशाची घटना नुकतीच लागू झाली होती, तेव्हा आमच्या सातवीलाही घटना हवीच, असं मी ठरवलं. वेण्या दोन, अक्कल अर्धी. पहिलं कलम लिहिलं, 'वर्गातल्या सर्व मुली समान', कागद भिंतीला डकवला आणि दिवसभर मान ताठ करून हिंडले. त्याच कागदाखाली पाण्याचा माठ होता. गावकुसाबाहेरच्या शेवंताला त्याला शिवायची बंदी. कुणी वरून ओतलं तर ओंजळीनं प्यायची. माझ्या समानतेला तेवढं दिसलं नव्हतं.

एके दुपारी शेवंतानं स्वतःच तांब्या बुडवला. झालं! वेण्या ओढल्या गेल्या, निम्म्या मुलींनी दुसऱ्या कोपऱ्यात वेगळा माठ मांडला. शेवंता दप्तर उचलून दारात गेली. उद्यापासून माझी शाळा बंद, म्हणाली.

तिला दारातच थांबवून बाईंनी पायताण काढलं आणि अमेरिकेतली यादवी शिकवायला घेतली. मी हुशारीनं विचारलं, "बाई, आपल्या गल्लीतल्या यादवांचं पावणं तिकडं कवा गेलतं?"

बाई टेबल धरून हसल्या. दारातली शेवंतासुद्धा हसली.

मग बाईंनी सांगितलं, यादवी म्हणजे घरातल्या घरात लढाई. त्या देशाची घटनाही गोड होती, पण गुलाम ठेवायला तिच्यात वाट होती. अकरा राज्यं फुटली, भाऊ भावावर उठला, तेव्हा कुठं गुलामगिरी बंद करणारं कलम आलं. "घटना धड हाय का फाटकी, ते भांडणात कळतंय. उसवली तिथं टाका घालायचा."

मी लगेच दौत उघडली. बाईंनी माझा हात धरला. "तू नुसती लिही. सांगायचं तिनं."

शेवंता दारातूनच म्हणाली, "माठ एकच. तांब्या ज्याचा त्यानं बुडवायचा."

शाई वाळायच्या आत बाईंनी तिच्याकडं पाणी मागितलं आणि सगळ्यांदेखत घटाघटा प्यायल्या. दुसऱ्या माठाच्या पाण्याला कोऱ्या मातीचा वास यायचा. फुटलेली राज्यं तहानेनं एकेक करून परतली.

बाई गेल्या तेव्हा आम्ही दोघी नेसरीला गेलो. शेवंता तोवर स्वतः शाळेत शिकवत होती. रडण्याच्या भरात मी तशीच उंबऱ्याशी पोचले, तर तिनं मागून पदर ओढला.

"पायताण काढ की गं. इतिहासाचा तास हाय."