न खाणारा बाओ

चीनमधल्या मिनशिआन भागातल्या एका गावात दांगग्वेई या औषधी झाडाची मुळं खात नाही असा माणूस एकच होता, बाओ च्यानमिन. घरोघरी ती मुळं धुरावर सुकत, बाळंतिणीच्या सूपमध्ये पडत, सर्दीपडशाला उकळली जात. बाओ मात्र नाक दाबून म्हणायचा, "उंदीर भाजल्यासारखा वास येतो. मी मेलो तरी खाणार नाही."

त्याची बायको यूनलान यावर काही बोलत नसे. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात नवऱ्याच्या बोटांचे सांधे सुजलेले तिने पाहिले, आणि तेव्हापासून ती मुळं उकळून, गाळून, ते पाणी त्याच्या मटणाच्या रश्श्यात ओतत आली होती. वर भरपूर मिरची. बाओ वाडगा चाटूनपुसून खायचा.

मग लांचोऊ शहरातून संशोधक छूबाई आल्या. मुळातल्या एका साखरेने सूज उतरते का, हे त्यांना तपासायचं होतं. "गोड लागत नाही ती, लांबलचक साखळ्यांची असते," त्या म्हणाल्या. "पण तुलनेसाठी हे मूळ कधीच न खाल्लेला माणूस हवा."

सगळ्या गावाने बाओकडे बोट दाखवलं.

गावाचे प्रमुख मा यांनी त्याला नवी टोपी दिली, पुढची खुर्ची दिली, आणि त्यात मूळ पडलं नाही ना हे बघायला, त्याच्या वाडग्याचा वास घेणारी दोन माणसं नेमली. आजवर ज्याला सगळे हसत, तो आता छाती काढून चालू लागला. ते बघून यूनलानचा जीव अर्धा झाला. खरं सांगावं तर त्याची टोपी जायची. तिने गुपचूप ते पाणी घालणंच बंद केलं. म्हटलं, आता तरी हा खरा न खाणारा होऊ दे.

थोड्याच दिवसांत बाओची बोटं भिजवलेल्या कणकेसारखी फुगली. छूबाई पट्टी लावून मोजत आणि खूश होत. बाओही खूश.

"बघ म्हातारे, हे कालच्यापेक्षा जाड झालंय."

"आधी कोटाची बटणं लाव, मग फुशारक्या मार."

बटणं तिनेच लावली. जेवताना त्याच्या हातून खायच्या काड्या पडल्या, त्याने त्या हसत उचलल्या, पुन्हा पडल्या. तिला बघवेना. दुसऱ्या दिवशी रश्श्यात मुळांचं पाणी परत आलं. वास घेणारे दोघे जन्मभर त्याच धुरात वाढलेले, त्यांना काय कळणार? "स्वच्छ आहे," दोघांनी सांगितलं.

सूज उतरली. छूबाई चक्रावल्या. न खाताच?

प्रमुखांनी मात्र लगेच अर्थ लावला. मुळांची शक्ती हवेतून बाओच्या अंगात मुरली आहे आणि आता ती बाहेर पडते आहे, असं त्यांनी जाहीर केलं. झालं. गुडघे धरून माणसं बाओशेजारी बसायला येऊ लागली. एका आजीने तर आपला पाय सरळ त्याच्या मांडीवर ठेवला.

"हलू नकोस रे बाओ. गरम लागतंय."

बाओ हलला नाही. अवघडलेला, पण चेहरा गंभीर. यूनलानला आधी हसू आलं, मग भीती वाटली. ती उठली आणि छूबाईंना सगळं सांगून आली. त्यांनी मोजमापांची वही मिटली. मग "खूप आधी सांगायला हवं होतं, काकू," एवढंच म्हणाल्या. यूनलानने मान खाली घातली.

घरी आल्यावर तिने नवऱ्यालाही सांगितलं. त्याने पातेल्यात नाक घातलं.

"यात?"

"यातच. पहिल्या हिवाळ्यापासून."

"खोटं. बिनमुळांचा रस्सा दे, मला लगेच फरक कळेल."

तिने दिला. त्याने एक घोट घेतला, वाडगा बाजूला सारला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. "पाणचट आहे," तो म्हणाला.

छूबाईंनी त्याला मूळ खाणाऱ्यांच्या यादीत घातलं, अगदी शेवटी. टोपी प्रमुखांनी परत नेली. आठवडाभर तो घराबाहेर पडला नाही. पुढे पडू लागला तेव्हा चौकात बसून सांगत असे, की आमची म्हातारी मुळं घालते खरी, पण हात फार आखडता आहे तिचा.