कारण लिहिल्याशिवाय

साऱ्या दिल्लीत गुपित ठेवायला सर्वांत सुरक्षित जागा कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी एकाही मंत्रालयाचं नाव घेणार नाही. सरळ माझ्या साडूंच्या पोटाकडे बोट दाखवीन. पोट ऐसपैस, आणि आत गेलेली गोष्ट बाहेर आल्याचा इतिहास नाही.

साडू गाझियाबादच्या एका सरकारी दवाखान्यात औषधं द्यायचे. झोपेच्या, गुंगीच्या गोळ्या कुणी कुठल्या दवाखान्यातून किती नेल्या, याची गोपनीय नोंद तिथल्या संगणकावर असे आणि ती उघडायचा अधिकार त्यांच्या एकट्याकडे. मात्र दर वेळी आधी एका चौकटीत कारण लिहायचं. त्याशिवाय पान उघडत नसे. ती चौकट हळूहळू त्यांच्या अंगातच शिरली. आमच्या मेहुणीबाईंनी "मीठ कुठे ठेवलंत?" म्हटलं, की हे आधी म्हणणार, "कारण?" सोसायटीतल्या एका बाईंनी लिफ्टमध्ये गाठलं, "भाईसाहब, चौथे माले वाले किस चीज़ की गोली खाते हैं?" तर हे दुसऱ्या मजल्यावरच उतरले आणि सातव्यापर्यंत जिने चढत गेले. लग्नसमारंभात तर ते कुणाच्या तोंडाकडे बघतच नसत. "ओळख पटली तर नोंद आठवते," म्हणत.

आमची लेक नोकरीला बंगळुरूला गेली आणि माझी झोप उडाली. घरात न सांगता मी दोन दवाखान्यांतून, दोन डॉक्टरांकडून गोळ्या आणू लागलो. त्याही पुरेनात, तेव्हा तिसरी चिठ्ठी घेऊन, साडू रजेवर आहेत असं समजून, त्यांच्याच खिडकीशी उभा राहिलो. रजा रद्द झाली होती.

"शुभ नाम?" साडू म्हणाले.

"अहो, मीच."

"शुभ नाम बताइए."

सांगितलं. त्यांनी कारण लिहिलं, पान उघडलं, वाचलं, मिटलं. "ये दवा नहीं मिलेगी. पहले वाले डॉक्टर से मिलिए, उनको सब बताइए. नेक्स्ट."

डॉक्टरांकडे गेलो, जायलाच लागलं. पण माझी खरी धास्ती वेगळी होती. साडूंना कळलं म्हणजे मेहुणीला कळणार, मेहुणीला कळलं म्हणजे संध्याकाळपर्यंत हिला. रविवारी सगळे जेवायला जमलो. मेहुणीनं विचारलंच, "काय हो, भाऊजी परवा तुमच्या दवाखान्यात दिसले म्हणे?"

साडूंनी वरणाची वाटी खाली ठेवली. "कारण?"

सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं मी हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारात साडू, पायात पांढरे बूट. "चला." तेव्हापासून रोज तासभर चालणं. धुकं असो, धूर असो. डॉक्टर गोळ्या कमी करत गेले, साडू फेऱ्या वाढवत गेले. रोज का येता, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "गोपनीय."

गेल्या वर्षी निवृत्त होऊन ते साताऱ्याला गेले. एकट्यानं फिरताना काही सुचेना, म्हणून एका सकाळी मी हिला सगळं सांगून टाकलं. हिनं तडक फोन लावला, स्पीकरवर. "भाऊजी, खरं सांगा, तुम्हाला माहीत होतं ना?"

"कारण?" पलीकडून आलं.

मग नोकरीभर कुणालाही कसलीही चौकशी करू न देणारा तो माणूस, कसलंही कारण न देता, हळूच विचारता झाला, "झोपतात ना आता नीट?"